उन्हाळ्यातला कादंबरीकार

मराठी लेखकाचा उन्हाळा हा एक निराळाच ऋतू असतो. परीक्षा आटोपलेल्या असतात, लग्नसराई चालू असते आणि गावोगावच्या व्याख्यानमालांची निमंत्रणे निघू लागतात. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला ही या परंपरेतली थोरली. तिच्या धाकट्या बहिणी तालुक्यातालुक्यांत नांदतात. या दिवसांत कादंबरीकाराला विशेष मागणी असते. कवीला एका संध्याकाळी तीन कविता वाचून मोकळे होता येते, कादंबरीकाराकडून मात्र 'ही कादंबरी तुम्हाला कशी सुचली' याचे तासभर उत्तर अपेक्षित असते. आमच्या जुन्नर तालुक्यात पाडव्याच्या सुमारास नारायणगावी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच आपल्या यात्रेची सुपारी ठरवायला तेथे येतात. त्यांच्याच शेजारी कादंबरीकारांनीही एखादी राहुटी टाकावी, अशी आमच्या एका मित्राची सूचना आहे. सूचना थट्टेची असली तरी अगदीच टाकाऊ नाही.

या ऋतूत आम्हां उभयतांना हटकून आठवतात ते गो. नी. दांडेकर. तेराव्या वर्षी शाळा सोडून स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने घराबाहेर पडलेला हा मुलगा गाडगे महाराजांच्या सहवासात राहिला, त्याने वेदान्ताचे अध्ययन केले, नर्मदेची परिक्रमा पायी केली आणि १९४७ साली तो तळेगाव दाभाड्याला येऊन स्थिरावला. स्थिरावला म्हणायचे ते पत्त्यापुरते. पुढची पन्नासएक वर्षे, १ जून १९९८ रोजी निधन होईपर्यंत, हा माणूस लेखणीवर जगला आणि सवड मिळेल तेव्हा सह्याद्रीत हिंडला. साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना १९७६ साली ज्या पुस्तकासाठी मिळाला ते 'स्मरणगाथा'. त्याआधीचे 'कुणा एकाची भ्रमणगाथा'. भटकणे आणि आठवणे यांत त्यांनी फारसा भेद केलेला दिसत नाही.

वर्गात आम्ही त्यांना 'प्रादेशिक कादंबरी' या कप्प्यात ठेवतो. कप्पा चुकीचा नाही, पण सोयीचा आहे. लेखक प्रदेशात गेला, त्याने सामग्री गोळा केली, परत येऊन लिहिले, असे काहीसे चित्र त्यातून विद्यार्थ्यांसमोर उभे राहते. आमच्या मते गोनीदांच्या बाबतीत माणसांचा शेजार हीच मूळ वस्तू होती आणि पुस्तक तिच्या पोटी आले. त्यांच्या पुस्तकांभोवतीही माणसे जमत गेली. 'जैत रे जैत'चे उदाहरण घ्यावे. ठाकर समाजातल्या नाग्या आणि चिंधीच्या या गोष्टीवर १९७७ साली चित्रपट आला. निर्मिती उषा मंगेशकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे आणि गीते पळसखेडच्या रानात राहणाऱ्या ना. धों. महानोरांची. एका कादंबरीने इतक्या भिन्न वृत्तीच्या कलावंतांना एकत्र आणावे, हे आपल्याकडे वारंवार घडत नाही. चित्रपटाने कादंबरी झाकून टाकली, हेही खरेच. आमच्या विद्यार्थ्यांना गाणी पाठ असतात. पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के मोजकेच.

दुसरे उदाहरण घरातले. गोनीदांच्या कन्या वीणा देव आणि जामात विजय देव, दोघेही प्राध्यापक, यांनी गोनीदांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन अनेक वर्षे गावोगावी केले. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. पुढ्यात संहिता आणि आवाज. वीणाताई २०२४ मध्ये गेल्या. त्यांचे वाचन आम्ही विद्यार्थिदशेत ऐकले होते. कादंबरी ही एकान्तात वाचायची वस्तू आहे, ही आमची पाठ्यपुस्तकी समजूत त्या संध्याकाळी जी हलली ती पुन्हा जागेवर बसली नाही.

त्याच हललेल्या समजुतीपायी गेल्या उन्हाळ्यात आम्ही एक उद्योग केला. सुट्टीत जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत 'माचीवरला बुधा'चे वाचन करायचे ठरवले. मुंबई सोडून राजमाचीच्या परिसरातल्या आपल्या माचीवर परतलेल्या, झाडापाखरांत एकटा राहणाऱ्या म्हाताऱ्याची ही कादंबरी. नऊ ठिकाणे ठरली, सहा पार पडली. जुन्नर, ओतूर, मंचर, घोडेगाव येथले कार्यक्रम जसे व्हायला हवेत तसे झाले. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, त्याहून लांब आभार. श्रोते जाणते होते. एका निवृत्त शिक्षकांनी बुधाची तुलना हेमिंग्वेच्या कोळ्याशी केली आणि आम्ही सुखावलो. अशा सुखावण्याची सवय फार लवकर लागते. चौथ्या कार्यक्रमापर्यंत कोठे थांबले की टाळी येते हे आम्हांला कळू लागले होते आणि आम्ही तेथे थांबूही लागलो होतो.

सहावे वाचन डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत होते. घोडेगावाहून निघाले की रस्ता बराच वेळ घोड नदीच्या जलाशयाच्या कडेकडेने जातो. तालुक्याला ज्याने नाव दिले ते आंबेगाव याच पाण्याखाली आहे; तालुक्याची कचेरी घोडेगावात. वैशाखात पाणी खाली जाते तेव्हा जुन्या वस्तीच्या खुणा उघड्या पडतात. गाडी थांबवून आम्ही त्या पाहिल्या, आणि खरे सांगायचे तर रात्रीच्या प्रास्ताविकात वापरायला एक चांगला दाखला मिळाला असेच तेव्हा मनात आले.

वाडीत दुपारी कोणीही नव्हते. कादंबरीकारांप्रमाणे महादेव कोळ्यांचाही उन्हाळा गर्दीचा असतो, हे आम्ही विसरलो होतो. हिरड्याचा हंगाम चालू होता. माणसे झाडांवर आणि झाडांखाली होती. अंगणाअंगणांत हिरडा वाळत पडला होता. खाचरांत राब भाजून झाल्याच्या काळ्या खुणा होत्या. तरणी मंडळी मजुरीला नारायणगावाकडे गेलेली. शेवटी रात्री जेवणे उरकल्यावर मंदिरापुढे वीस-बावीस माणसे जमली, त्यांत मुलेच अधिक.

आम्ही वाचू लागलो. टाळीच्या जागी थांबलो. टाळी आली नाही. मुले पेंगू लागली. तासाभराने एका वृद्ध बाईंनी, हातातले काम न थांबवता, विचारले, "गुरुजी, ह्ये ल्ह्येणारं बाबा पावसाळ्यात ऱ्हायलं व्हतं का डोंगरात?"

आम्ही म्हणालो, ते फार हिंडत, राजमाचीशी त्यांचा घरोबा होता.

"हिंडणारी लई येत्यात," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात येत्यात. पावसाळ्यात ऱ्हायलं व्हतं का, त्ये इचारते."

यावर काय बोलावे हे आम्हांला सुचेना. प्रश्न गोनीदांविषयी होता तितकाच आमच्याविषयीही. त्या वाडीपासून माळीण दूर नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी तेथे डोंगर खचला आणि गाव त्याखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. नेहमीच्या एस. टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला ही वार्ता कळली. पुढे जवळच नवे माळीण वसवले गेले. त्या बाईंनी माळीणचे नाव घेतले नाही. त्यांनी पावसाळा एवढेच म्हटले, आणि बसलेल्या मोठ्या माणसांपैकी कोणीही काही बोलले नाही.

मग आम्ही पाने उलटली. ठरवलेला भाग सोडला आणि बुधाच्या माचीवरचा पावसाळा काढला. शहरातल्या श्रोत्यांना तो भाग लांबतो म्हणून आम्ही आमच्या संहितेतून गाळला होता. मूळ पुस्तक सोबत होते हे नशीब. बॅटरीच्या उजेडात, सराव नसलेला मजकूर आम्ही अडखळत वाचला. आता मोठी माणसे पुढे सरकली. मधूनमधून कोणी मान हलवी, कोणी म्हणे, "आसंच." एका ठिकाणी एका आजोबांनी थांबवले आणि इरले कसे धरायचे, वारा कोणत्या अंगाने घ्यायचा, हे उभे राहून दाखवले. दुसऱ्या एकाने त्यांना दुरुस्त केले. वाचन तेथेच थांबले आणि सुमारे अर्धा तास आम्ही श्रोते झालो. कादंबरीत त्या जागी काय आहे, हे त्यांनी नंतर विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही.

निघताना त्या बाईंनी वाळल्या हिरड्याचे पुडके दिले. "कसं वाटलं?" असे विचारण्याचा मोह आम्ही आवरला. उरलेली तीन वाचने आम्ही रद्द केली. एका ठिकाणच्या संयोजकांनी पत्रिका छापून घेतल्या होत्या. त्यांचा राग अजून गेलेला नाही, आणि तो रास्त आहे.

आषाढाच्या अखेरीस, महाविद्यालयात प्रवेशाची धांदल चालू असताना, रविवार साधून आम्ही पुन्हा त्या वाडीला गेलो. डिंभ्याच्या पुढे धुक्यात रस्ता दिसत नव्हता. दोन ठिकाणी ओढा रस्त्यावरून वाहत होता, तेव्हा गाडी अलीकडेच ठेवून चालत गेलो. जलाशय भरत आला होता, जुन्या वस्तीच्या खुणा दिसत नव्हत्या. वाडीतली सगळी माणसे खाचरांत, भातलावणीला वाकलेली. त्या बाईंनी आम्हांला ओळखले. "बाई, आज वाचायला नगा लावू," म्हणाल्या आणि रोपांची एक जुडी आमच्या हातात दिली. आम्ही लावलेली ओळ वाकडी गेली; त्यांच्या सुनेने ती उपटून पुन्हा लावली. पुस्तक दिवसभर प्लास्टिकच्या पिशवीत, त्यांच्या पडवीतल्या खुंटीला टांगलेले होते. संध्याकाळी परत घेतले तेव्हा चुलीच्या धुराचा वास पिशवीच्या आतपर्यंत गेला होता.