विंचवाचे बिऱ्हाड

ज्या जिवांना माणूस घरात थारा देत नाही, त्यांना भाषेत मात्र त्याने ऐसपैस जागा दिली आहे. आपल्या मनात पाल चुकचुकते, दोन भाऊबंदांत साप-मुंगसाचे वैर असते आणि बदलीच्या नोकरीतला गृहस्थ आपले बिऱ्हाड विंचवासारखे पाठीवर असल्याचे हसत सांगतो. मराठी शिकवणे हा माझा पेशा. त्यामुळे या मंडळींशी माझी पहिली ओळख वाक्प्रचारांतूनच झाली. प्रत्यक्ष ओळख झाली ती वसई तालुक्यात नंदाखालला राहायला आल्यावर.

विंचू म्हटले की कुणालाही मारवाडची वाळू आठवेल. पण केळीच्या वाड्यांच्या आणि बावखलांच्या या हिरव्या गावातही त्याला झावळ्यांचा ढीग, सरपण आणि भिंतीतली एखादी फट पुरते. एकदा पावसाळ्यापूर्वी सरपण हलवताना एक तांबूस विंचवी बाहेर आली. तिच्या पाठीवर पांढुरक्या पिल्लांची दाटी होती. शेजारच्या आजींनी चप्पल उचलली. म्हणाल्या, "हिची पोरंच हिला खातात, मास्तर. मी मारली तर काय बिघडलं?"

ही समजूत मीही लहानपणापासून ऐकली होती. खरा प्रकार उलटा आहे. विंचवी अंडी घालत नाही; तिला जिवंत पिल्ले होतात. पहिली कात टाकेपर्यंत ती आईच्या पाठीवर राहतात आणि मग आपापल्या वाटेने जातात. आपण ज्याला फिरस्त्याचे बिऱ्हाड म्हणून हसतो, तो खरा भरला संसार असतो!

मात्र या मायेला भुलूनही चालत नाही. आपण घाबरतो ती मोठ्या काळ्या इंगळीला. पण जीव घेतो तो हा लहानसा तांबडा विंचू. त्याच्या विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण पडतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७६ साली रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर असे रुग्ण डोळ्यांदेखत दगावताना पाहत होते. ते खाटेशेजारी बसून एकेक लक्षण टिपत राहिले. रक्तदाबावरच्या प्राझोसिन या साध्या गोळीने आवळलेल्या रक्तवाहिन्या सैलावतात, हे त्यांनी दाखवून दिले. १९८६ साली 'लॅन्सेट'ने ते छापले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात पंचवीस-तीस दगावत. तो आकडा एक-दोनवर आला. पुढे प्रतिविषाचीही जोड मिळाली. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री लाभली.

दोन वर्षांनी त्याच आजींच्या नातवाला विंचू चावला. कुणी मांत्रिकाचे नाव काढले. पण पोराला उलटी झाली होती, अंग घामाने निथळत होते आणि हातपाय गार पडले होते. त्या घामाचा अर्थ मला वाचून ठाऊक होता. रिक्षा बोलावली आणि थेट रुग्णालय गाठले. तिसऱ्या दिवशी पोर घरी आले.

एकनाथांच्या भारुडातला विंचू म्हणजे काम-क्रोध. त्याचा उतारा सत्त्वगुणाचा. तो शिकवून झाला की मी पुस्तक मिटतो आणि वर्गाला दुसऱ्या विंचवाची लक्षणे सांगतो: उलटी, घाम, गार हातपाय. ती परीक्षेत येत नाहीत. तरी मुले वहीत उतरवून घेतात.