आवर्तनाची तारीख

सणसरला चहाच्या हॉटेलातला पेपर दुपारपर्यंत पानं सुटी होईस्तोवर फिरतो. दिल्लीच्या बातमीवर कुणी थांबत नाही. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, टेलच्या रानाला पाणी पोचणार का, भवानीनगरचा 'छत्रपती' साखर कारखाना उसाला पहिली उचल किती देणार, एवढंच शोधायचं. सापडतात पुढाऱ्यांचे वाढदिवस! (त्या जाहिरातींवरच पेपर चालतो, हेही खरंच.) तुकोबांची पालखी आली की काटेवाडीच्या मेंढ्यांच्या रिंगणाचा फोटो ठरलेला. छापा की, पण मुक्काम हलल्यावर कचरा कुणी उचलला, तेही छापा.

१८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' हे वृत्तपत्र काढलं, म्हणून ६ जानेवारीला पत्रकारांचे सत्कार होतात. पत्रकारबंधूंनो, शाल-नारळ जरूर घ्या, आणि येताना पाटबंधारे खात्यातून आवर्तनाची तारीख तेवढी विचारून या.