नाक तुटलेली राणी आणि सांधलेला हत्ती

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात बहुतेक जण जातात ते आतलं सोनेरी नक्षीचं दालन पाहायला. दालन देखणं आहेच. पण मी भाचीला घेऊन गेले ते बाहेरच्या आवारासाठी. ती शिल्पकला शिकते, आणि शिल्पं काचेबाहेर, उन्हापावसात कशी राहतात हे तिला दाखवायचं होतं.

राणीच्या बागेला लागून असलेलं, १८७२ साली उघडलेलं हे संग्रहालय तसं आटोपशीर. आवारात काळ्या बेसाल्टचा एक हत्ती उभा आहे. बागेत आलेली मुलं त्याला पाहून पुढे पळतात, कारण पलीकडे खरे प्राणी असतात. आम्ही मात्र त्याच्यापाशी बराच वेळ थांबलो. हा घारापुरीचा हत्ती. बेटाच्या धक्क्याजवळ तो उभा होता, म्हणून पोर्तुगीजांनी बेटाचंच नाव एलिफंटा ठेवलं. १८१४ मध्ये त्याचं डोकं आणि मान गळून पडली. पुढे १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना यंत्राने दगा दिला, हत्ती खाली आपटला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत राहिले. १९१४ मध्ये कॅडेल आणि हेवेट या दोघांनी ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला.

भाचीने चौफेर फिरून सांधे पाहिले. मग म्हणाली, ‘‘मावशी, आधी सगळे तुकडे जमिनीवर मांडून बघितले असतील गं. कुठला पायाचा आणि कुठला पोटाचा, हे नुसतं कळायलाच किती दिवस लागले असतील!’’ मला तिचं हे पाहणं फार आवडलं. मूळ घडवणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. पण जुळवणाऱ्यांचे कष्ट त्या रेषांमध्ये अजून वाचता येतात.

हत्तीपेक्षाही मला जास्त बोलावंसं वाटतं ते संगमरवरी व्हिक्टोरियाबद्दल. मॅथ्यू नोबलने घडवलेला हा पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेल्या पैशातून झाला. फोर्टात, नक्षीदार संगमरवरी छत्रीखाली तो उंचावर बसवलेला होता. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी त्याच्या तोंडाला डांबर फासलं. काळे डाग काही केल्या निघेनात, तेव्हा ते काढले प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाने. १९६०च्या दशकात इंग्रजांचे पुतळे शहरातल्या चौकांतून हलवले गेले, त्यात राणीही इथे आली. नाक तुटलेलं आहे. एकेकाळी एल्फिन्स्टन सर्कलमध्ये ज्याला लोक देव समजून फुलं वाहत, तो कॉर्नवॉलिसही इथेच आहे.

चौथऱ्यावरून उतरल्यामुळे एक गोष्ट झाली, ती मला मोलाची वाटते. फोर्टात लोकांना ही राणी मान वर करून, दुरूनच पाहावी लागत असणार. इथे तिच्या झग्याच्या घड्या हाताच्या अंतरावर आहेत. एका घडीच्या आत छिन्नी कशी वळली असेल, दगड किती पातळ होईपर्यंत नोबल थांबला नसेल, हे डोळ्यांना कळतं. भाची गुडघ्यावर बसून फक्त तेवढीच घडी काढत राहिली. चेहऱ्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही. सत्तेची मूर्ती म्हणून जे बसवलं होतं, ते तिच्यासाठी दगडकामाचा धडा झालं होतं.

या पुतळ्याला नवीन नाक बसवावं, असं अधूनमधून कुणी बोलून दाखवतं. माझा त्याला ठाम विरोध आहे. देणाऱ्या संस्थानिकाचा पैसा, शिल्पकाराचं कसब, चापेकरांचा राग, गज्जरांची विद्या आणि स्वतंत्र मुंबईचा निर्णय, हे सगळं या एका दगडाला लागलेलं आहे. डांबर गेलं. आता तुटलेलं नाकही बुजवलं, तर पाहणाऱ्याला नुसती एक बसलेली बाई दिसेल. हत्ती जोडला हे योग्यच झालं, कारण तो अपघाताने फुटला होता आणि जोडणाऱ्यांनी जोडला नसता तर तो उरलाच नसता. राणीचं तसं नाही. तिची मोडतोड कुणीतरी मनापासून केलेली आहे, आणि तीही इतिहासातच जमा होते.

बागेत शिरून आम्ही काळा घोडाही पाहिला. सातव्या एडवर्डचा तो ब्राँझचा पुतळा, ज्याच्यावरून फोर्टातल्या त्या भागाला आजही काळा घोडा म्हणतात. स्वार राजा होता हे किती जणांच्या लक्षात असतं? लोकांनी घोडा तेवढा आपला केला. भाचीने त्याच्या खुरांचं एक रेखाटन केलं.

घारापुरीची लेणी पाहायला जाणाऱ्यांना मी हल्ली सांगते, आधी भायखळ्याला जा, मग गेटवेला बोट धरा. फक्त बुधवार टाळा, त्या दिवशी संग्रहालय बंद असतं.