तानशाकांठचा मोह

गेल्या चैत्रांत आमच्या पुतण्यानें घरीं रमची एक बाटली आणली. उंसाच्या मळीपासून काढलेली, ओक वृक्षाच्या लांकडी पिंपांत सात वर्षें मुरलेली. लांकूडच तिला रंग व गंध देतें, आणि दरवर्षीं तिचा कांहीं भाग वाफ होऊन उडतो. त्यास म्हणे देवदूतांचा वाटा म्हणतात! आम्हीं चमचाभर चाखली, हें वाचकांपासून लपवीत नाहीं. आधीं जाळ, मग काकवीची गोडी, शेवटीं जुन्या पेटाऱ्याचा वास. मनुस्मृतींत ब्राह्मणास वर्ज्य सांगितलेल्या तीन सुरांपैकीं ही गौडी. पैष्टी पिठाची, आणि माध्वी म्हणजे मोहाच्या फुलांची, असें टीकाकार सांगतात. त्या फुलाची चव मात्र आम्हांस ठाऊक नव्हती.

पुढल्याच आठवड्यांत आटगांव स्थानकावर उतरून तानसा तलाव पाहावयास निघालों, तों वाटेंत एका पाड्यावर पहांटे वेंचलेलीं मोहाचीं फुलें अंगणांत वाळत होतीं. ताजीं फिकट पिवळीं व रसाळ, वाळलेलीं मनुकांसारखीं तांबूस. एका ठाकर आजींनीं मूठभर पुढें केलीं. आम्ही घुटमळलों.

"घ्या गुरुजी, फुलाला कसला इटाळ?"

गोडी मधासारखी, मागें एक उग्र दर्प. आजी म्हणाल्या, पूर्वीं धान्य सरलें कीं हींच फुलें शिजवून पोरांस घालीत. दारूही होई; फुलें पाण्यांत आंबवून, तापवून, वाफ थंड करून काढलेली. ती ताजीच संपे. सात वर्षें राखून ठेवण्याची ऐपत कोणाची?

पुढें सुमारें पावणेतीन किलोमीटरांची ती दगडी भिंत पाहतांना एकच साल मनांत घोळत राहिलें. मुंबईस पाणी देणारें हें धरण १८९२ सालीं पुरें झालें, आणि त्याच सालीं मुंबई सरकारनें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाचीं फुलें गोळा करण्यावर व बाळगण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. अबकारीचें उत्पन्न बुडूं नये, हा हेतु. रानांतलें पाणी शहरास गेलें त्याच वर्षीं रानांतल्या माणसांस दारचें फूल उचलण्याची चोरी झाली. फुलांच्या साठ्यावरील व वाहतुकीवरील निर्बंध महाराष्ट्र शासनानें उठविले ते २०२१ सालीं.

आम्हीं आयुष्यभर वर्गांत मद्यपाननिषेध शिकविला. तो चुकीचा होता असें आजही म्हणवत नाहीं. दारूनें उद्ध्वस्त झालेलीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. परंतु सदऱ्यास मोहाचा वास येतो म्हणून एका मुलास आम्हीं दिवसभर वर्गाबाहेर उभें केलें होतें. त्या दिवशीं त्याच्या घरीं तेंच जेवण असेल, हें तेव्हां सुचलें नाहीं.

निघतांना आजींनीं फडक्यांत फुलें बांधून दिलीं. वहिनींनीं तीं निवडून दुधांत शिजविलीं. घरच्या सर्वांनीं खाल्लीं. पुतण्याची बाटली अजून कपाटांतच आहे.