पात्र

आमच्या डोंबिवलीत एखाद्याची नोकरी कशी आहे, हे तो सकाळची कोणती गाडी पकडतो यावरून ठरते. माहिती तंत्रज्ञानात एम. एस्सी. झालेला मुलगा चालत कॉलेजात जातो आणि दुपारी घरी जेवायला येतो, ही गोष्ट आमच्या इमारतीत कोणाच्या पचनी पडत नसे. शेजारचे काका जिन्यात भेटले की विचारीत, “अजून कायम नाही का झालास?” मी ‘तासिका तत्त्वावर’ होतो. जितके तास शिकवायचे तितक्यांचेच मानधन. सुट्टीत तास नाहीत, म्हणून मानधनही नाही.

कायम होण्याच्या दारात एक परीक्षा उभी असते : १९८९ साली सुरू झालेली ‘नेट’ किंवा आपल्या राज्याची ‘सेट’. पदव्युत्तर परीक्षेतले ५५ टक्के मजजवळ होते, हे प्रमाणपत्र तेवढे नव्हते. गंमत अशी की, ‘नेट’ला माहिती तंत्रज्ञान असा स्वतंत्र विषयच नाही. आम्ही बसायचे ते संगणकशास्त्राला. पहिल्या प्रश्नपत्रिकेत अध्यापन व संशोधनाची अभिरुची तपासणारे ५० प्रश्न, दुसरीत विषयाचे १००, आणि वेळ तीन तास. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, एवढीच काय ती दया!

दोनदा आपटलो. तिसऱ्यांदा १८ जून २०२४ रोजी ठाण्याला गाडी बदलून नवी मुंबईतले केंद्र गाठले. पेपर बरा गेला. आईने देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी रात्री बातमी आली, परीक्षा रद्द! नऊ लाखांहून अधिक उमेदवारांची मेहनत एका रात्रीत पुसली गेली. ती साखर मी सकाळी चहात घातली.

पुढे जुलैत वर्तमानपत्रांत आले की, पेपर आधीच फुटल्याचा पुरावा म्हणून फिरलेले चित्र केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासात बनावट ठरले होते. त्यावरची वेळच कोणीतरी बदलली होती. दुसऱ्या दिवशी प्रथम वर्ष कला शाखेच्या तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, वेळ बदलता येते? मग खरी कशी ओळखायची?” परीक्षेसाठी पाठ केलेली व्याख्या मी धडाधड म्हणून दाखविली. ती म्हणाली, “हो सर.”

मित्रहो, हे ‘हो सर’ आपण सर्वांनीच कधी ना कधी म्हटलेले आहे. त्याचा अर्थ ‘काही कळले नाही’ असा असतो. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी व्याख्या घरी ठेवली. सर्वांना फळ्याचे छायाचित्र काढायला सांगितले, मग फोनचे घड्याळ एक दिवस मागे नेऊन पुन्हा काढायला सांगितले. दुसऱ्या चित्राच्या नोंदीत तारीख कालची! फोनला जी वेळ खरी वाटते, तीच तो लिहितो. आणि निरोपाच्या पडद्याचे चित्र म्हणजे तर नुसती अक्षरे, ती कोणालाही पुसून पुन्हा लिहिता येतात. “मग विश्वास ठेवायचा कशावर?” मागच्या बाकावरून प्रश्न आला. मी म्हणालो, “एका नोंदीवर नको. एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन-तीन नोंदी जुळतात का, ते पाहायचे.” घंटा झाली तरी कोणी उठले नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फेरपरीक्षा झाली, या वेळी संगणकावर. ऑक्टोबरात निकाल लागला : सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र. संशोधनवृत्ती हुकली, पण पेढे आणले. आईने विचारले, “म्हणजे पगार वाढला?”

“नाही. जागा निघाली की अर्ज करता येईल, इतकेच.”

“म्हणजे पात्र मांडले,” ती म्हणाली, “वाढप अजून व्हायचे आहे.”

याहून नेमके मला आजवर कोणी सांगितलेले नाही. प्रमाणपत्र फाइलीत आहे, आणि काकांचा प्रश्न जिन्यात. त्या विद्यार्थिनीने मात्र पेढा घेताना विचारले, “सर, परीक्षेत आमच्या तासातले काही आले होते का?”

आले नव्हते. पण खरे सांगायचे तर, त्या तासाचा निकाल मला आधी लागला होता. हल्ली वर्गात कोणी ‘हो सर’ म्हटले की मी खडू उचलतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.