बायबल खरं की खोटं? आधी प्रश्न नीट विचारू या

दर नाताळाला आणि ईस्टरला आमच्या शाळेच्या ग्रुपवर दोन मेसेज ठरलेले असतात. पहिला असा: लाल समुद्राच्या तळाशी फारोच्या रथांची चाकं सापडली, नासाच्या कॉम्प्युटरला यहोशवाचा 'हरवलेला दिवस' सापडला, विज्ञानाने बायबल सिद्ध केलं! दुसरा त्याला उत्तर म्हणून: उत्खननात काहीही सापडलेलं नाही, दावीद, शलमोन सगळी काल्पनिक पात्रं, अख्खं पुस्तक म्हणजे दंतकथा. मग पन्नासेक मेसेजची हाणामारी होते, दोघं जण ग्रुप सोडतात आणि आठवडाभराने त्यांना परत घेतलं जातं.

दोन्ही मेसेज चुकीचे आहेत. ती रथाची चाकं कुठल्याही शास्त्रीय उत्खननातून आलेली नाहीत. नासात तसलं काही घडलेलं नाही, ती गोष्ट पन्नासेक वर्षं नुसती फिरतेय. आणि दावीद काल्पनिक म्हणणाऱ्यांची पंचाईत तर १९९३ सालीच झाली. ती कशी, ते पुढे सांगतो.

मुळात बायबल हे एक पुस्तक नव्हेच. कायदे, गाणी, वंशावळ्या, राजांच्या बखरी, भविष्यवाण्या, पत्रं अशी ती एक लायब्ररी आहे आणि तिचं लिखाण कित्येक शतकं चाललेलं आहे. सातबारा, पोवाडा, अभंग आणि एखादी बखर एकत्र बांधून कुणी विचारलं, "हे खरं आहे का हो?", तर आपण काय सांगणार? कुठलं पान म्हणताय, हेच आधी विचारणार ना? पुरातत्त्वालाही प्रश्न एकेका वाक्यापुरताच विचारता येतो. कधी ते 'हो' म्हणतं, कधी 'नाही', आणि पुष्कळदा 'माहीत नाही'.

माझं आवडतं उदाहरण इ. स. पू. ७०१ चं. अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदाच्या छोट्या राज्यावर चालून आला. तिथला राजा हिज्कीया. या एका स्वारीचे चार वेगवेगळे साक्षीदार आपल्याकडे आहेत, आणि इतक्या जुन्या घटनेला चार साक्षीदार मिळणं ही चैन आहे.

पहिला साक्षीदार बायबल. 'दुसरे राजे' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात सांगितलंय की सन्हेरीबाने यहूदाची तटबंदीची नगरं घेतली, हिज्कीयाने लाखीशला निरोप पाठवून शरणागती पत्करली आणि ३०० किक्कार चांदी व ३० किक्कार सोनं खंडणी दिली.

दुसरा साक्षीदार खुद्द सन्हेरीब. त्याच्या मोहिमांचा वृत्तांत कोरलेली मातीची सहा बाजूंची लाट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो म्हणतो, मी ४६ तटबंदीची गावं घेतली आणि हिज्कीयाला यरुशलेमेत पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं. खंडणीत चांदी ८०० किक्कारांच्या मापाची, आणि सोनं? बरोब्बर ३०. चांदीचा आकडा जुळत नाही, सोन्याचा जुळतो. दोन शत्रूंच्या दफ्तरांत एकच रक्कम निघणं ही साधी गोष्ट नाही.

तिसरा साक्षीदार निनवेच्या राजवाड्यातली भित्तिशिल्पं. एकोणिसाव्या शतकात ऑस्टेन हेन्री लेयार्डने ती उकरून काढली, आता तीही ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मुलीकडे लंडनला गेलो होतो तेव्हा त्या दालनात तास-दीड तास उभा होतो. लाखीशचा वेढा आहे. तटाला भिडवलेला चढ, त्यावरून वर जाणारी तट फोडायची यंत्रं, सुळांवर चढवलेले कैदी, सिंहासनावर बसून लूट बघणारा राजा. आणि एका कडेला बैलगाडी: वर बायका-पोरं, बोचकी, घर सोडून निघालेली माणसं. पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचं ते दृश्य आपण आजही रोज रात्री बातम्यांत बघतो.

चौथा साक्षीदार जमीन. लाखीशच्या टेकाडात डेव्हिड उसिश्किन यांच्या पथकाने १९७० च्या दशकापासून पुढे वीसेक वर्षं खणलं. वेढ्यासाठी रचलेला दगडांचा तोच चढ सापडला, शेकडो बाणांची टोकं सापडली, गोफणीचे गोटे सापडले, जळालेल्या नगराचा थर सापडला. शिल्पकाराने उगीच काही कोरलं नव्हतं.

आता गंमत बघा. सन्हेरीबाने लाखीशच्या विजयाने राजवाड्याचं अख्खं दालन सजवलं. बायबलमध्ये लाखीशच्या विध्वंसाचं वर्णन नाही, गावाचं नाव फक्त सन्हेरीबाचा तळ म्हणून येऊन जातं. उलट बायबल ठासून सांगतं की परमेश्वराच्या दूताने एका रात्रीत अश्शूरच्या छावणीतले १,८५,००० लोक मारले आणि यरुशलेम वाचलं. सन्हेरीब त्या रात्रीबद्दल अवाक्षर काढत नाही. मात्र यरुशलेम जिंकलं असंही तो कुठे म्हणत नाही. एरवी बढाई मारायची एक संधी न सोडणारा हा राजा राजधानीच्या दारात येऊन गप्प होतो.

म्हणजे स्वारी झाली, गावं पडली, खंडणी गेली, यरुशलेम वाचलं, इतकं चौघं मिळून सांगतात. ते का वाचलं, हे मात्र त्यांच्या साक्षींतून ठरत नाही. दूत आला होता की छावणीत रोगाची साथ आली होती की खंडणी मिळाल्यावर सैन्य परतलं, हे बाणाचं टोक कसं सांगणार? इथे पुरातत्त्वाची हद्द संपते आणि श्रद्धेची किंवा अश्रद्धेची सुरू होते. ही रेघ ज्याला दिसली त्याचं निम्मं भांडण मिटलं.

आता १९९३ ची गोष्ट. तोवर काही अभ्यासकांचं म्हणणं होतं की बायबलबाहेर दावीदाचा कुठेच उल्लेख नाही, तेव्हा तो ऐतिहासिक माणूस मानायला आधार नाही. आक्षेप रास्त होता. त्या वर्षी जुलैत इस्राएलच्या उत्तर टोकाला तेल दान इथे, अव्राहम बिरान यांच्या उत्खननात, एका भिंतीत बांधकामाचा दगड म्हणून वापरलेला शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढच्या वर्षी आणखी दोन. अरामी भाषा, इ. स. पू. नववं शतक. कुणी अरामी राजा फुशारकी मारतोय की मी इस्राएलचा राजा मारला, आणि पुढे शब्द येतो 'बेथ दावीद', म्हणजे दावीदाचं घराणं. शत्रूने, दावीदानंतर शे-सव्वाशे वर्षांनी कोरलेलं नाव. काल्पनिक माणसाच्या घराण्याशी कुणी लढाई करत नाही. आज बहुतेक अभ्यासक दावीदाला ऐतिहासिक व्यक्ती मानतात.

पण दगड एवढंच बोलून थांबत नाही. तुटलेल्या ओळी तज्ज्ञांनी जशा जुळवल्या आहेत त्यानुसार हा राजा म्हणतो की इस्राएलचा आणि दावीदाच्या घराण्याचा, असे दोन्ही राजे मीच मारले. बायबलच्या 'दुसरे राजे'मध्ये या दोघांना मारतो येहू नावाचा इस्राएली सेनापती! म्हणजे ज्या दगडाने दावीदाला इतिहासात जागा दिली, तोच दगड बायबलच्या दुसऱ्या एका प्रकरणाशी भांडतोय. फॉरवर्डमध्ये पहिलं वाक्य येतं, दुसरं कधीच येत नाही. आणि राजघराणं होतं म्हणून गल्याथ होता, किंवा शलमोनाचं सोन्याने मढलेलं साम्राज्य होतं, असंही ठरत नाही.

आता 'नाही' म्हणणारी उदाहरणं. यरीहोचे तट कर्णे वाजवून पडले, ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस विरळा. १९३० च्या दशकात जॉन गार्स्टांग यांनी तिथे खणलं आणि यहोशवाच्या काळात पडलेले तट सापडले असं जाहीर केलं. केवढा आनंद झाला असेल लोकांना! मग १९५२ ते १९५८ मध्ये कॅथलीन केनियन यांनी त्याच टेकाडात अधिक काटेकोर पद्धतीने, थर न् थर वेगळा करत, खापरं तपासत खणलं. गार्स्टांगचे तट यहोशवाहून हजारेक वर्षं जुने निघाले. नंतरचं नगर इ. स. पू. १५५० च्या सुमारास जळालं होतं. ज्या तेराव्या शतकात बहुतेक अभ्यासक यहोशवाच्या स्वाऱ्या धरतात, तेव्हा तिथे तटबंदीचं नगरच नव्हतं. पुढे जळक्या धान्याची रेडिओकार्बन तपासणी झाली, तीही केनियनच्या बाजूने गेली.

मिसरातून सुटका होऊन लाखो लोक चाळीस वर्षं रानात भटकले, याचाही माग लागत नाही. १९६७ नंतर सिनाई इस्राएलच्या ताब्यात होतं तेव्हा त्यांच्याच पुरातत्त्वज्ञांनी ते पिंजून काढलं. कादेश-बर्ण्याची जागा मानतात तिथे खणलं, तर सगळ्यात जुनं बांधकाम मोशेच्या मानल्या जाणाऱ्या काळानंतर कित्येक पिढ्यांचं निघालं. दुसरीकडे इ. स. पू. १२०८ च्या सुमाराचा मेर्नेप्ताह या फारोचा शिलालेख आहे, १८९६ साली फ्लिंडर्स पेट्रीला सापडलेला. कनानमधल्या मोहिमेच्या यादीत त्यात 'इस्राएल' हे नाव आहे, बायबलबाहेरचा सगळ्यात जुना उल्लेख. तिथल्या डोंगराळ भागात त्याच सुमारास अडीचशेच्या आसपास लहान वस्त्या उगवलेल्या दिसतात, आणि त्यांची भांडीकुंडी बरीचशी कनानी वळणाचीच. म्हणून आज पुष्कळ अभ्यासक म्हणतात, हे लोक मुख्यतः तिथलेच. कदाचित मिसरातून आलेला एखादा लहान गट त्यांच्यात मिसळला असेल.

हे सगळं मी एकदा शाळेतल्या एका मित्राला सांगत होतो. तो नगरकडचा, तीन पिढ्यांचा ख्रिस्ती, ग्रुपवरच्या हाणामारीत कधी न पडणारा. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग आई रोज पहाटे उठून वाचायची ते काय होतं रे?"

मला पटकन बोलता आलं नाही. हा प्रश्न टाळून पुरातत्त्वाबद्दल बोलणं सोपं असतं, पण ते खरं बोलणं नव्हे. मी त्याला एवढंच म्हणालो की पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. आयुष्याची अखेरची वर्षं त्यांनी त्यात घातली, ते छापून पुरं झालं १९२४ साली, त्या गेल्यानंतर. यरीहोचे तट सापडतील मग अर्थ लागेल, असं काही त्यांचं नव्हतं. गुलामाला सोडवणाऱ्या देवाची गोष्ट टाकून दिलेल्या बायकांना काय सांगते, हे त्यांना मुक्ती मिशनमध्ये रोज दिसत होतं. ते मोजायला कुदळ उपयोगाची नाही. त्याची आई पहाटे जे वाचायची ते केनियनच्या खड्ड्यात शोधायचंच नव्हतं.

मग कुणी म्हणेल, ज्याची त्याची श्रद्धा, सोडून द्या की. तसं सोडता येत नाही, कारण 'पुरावा' हवाच असा हट्ट धरला की दोन दुकानं उघडतात.

पहिलं दुकान नकली मालाचं. वॉशिंग्टनला २०१७ मध्ये 'म्युझियम ऑफ द बायबल' मोठ्या थाटात उघडलं. त्यांच्याकडे मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे म्हणून १६ तुकडे होते. मार्च २०२० मध्ये म्युझियमनेच नेमलेल्या तज्ज्ञांचा अहवाल आला: सोळाच्या सोळा नकली. जुनं कातडं मिळवून त्यावर आजच्या काळात अक्षरं काढलेली. हे म्युझियम उभं करणाऱ्या कुटुंबाच्या हॉबी लॉबी कंपनीने २०१७ मध्येच, इराकमधून आलेल्या हजारो प्राचीन वस्तू सोडून देण्याचं आणि ३० लाख डॉलर भरण्याचं अमेरिकी सरकारकडे कबूल केलं होतं. ती खोकी 'टाइल्सचे नमुने' असं लिहून आणली होती. भाविकाची तहान मोठी असली की गढूळ पाणीही विकलं जातं.

दुसरं दुकान जमिनीचं. पूर्व जेरुसलेममध्ये सिल्वान ही पॅलेस्टिनी वस्ती आहे. तिच्या खाली प्राचीन यरुशलेम आहे, यात शंका नाही. हिज्कीयाच्या काळातला म्हणून ओळखला जाणारा ५३३ मीटरचा पाण्याचा बोगदा तिथेच आहे. दोन टोकांनी खणत आलेल्या मजुरांना मध्ये एकमेकांचे आवाज ऐकू आले, असं सांगणारा शिलालेख १८८० मध्ये त्यात सापडला. त्यात राजाचं नाव नाही, मजुरांची गोष्ट आहे. आज तिथे 'दावीदाचं नगर' नावाचं मोठं पर्यटनस्थळ आहे. ते चालवणाऱ्या एलाड या संस्थेचं दुसरं उघड काम म्हणजे त्याच वस्तीत ज्यू कुटुंबांना वसवणं. खाली उत्खनन, वर घरं, आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या राजाच्या नावाने आजच्या माणसाच्या राहण्याच्या हक्कावर प्रश्न. याला विरोध करणाऱ्यांत 'एमेक शवेह' ही इस्राएली पुरातत्त्वज्ञांनीच काढलेली संस्था आहे. आणि शलमोनाचं भव्य साम्राज्य जमिनीत दिसत नाही, हे सांगणारे इस्राएल फिंकेलस्टाईन, झेव हर्झोग हे तेल अवीव विद्यापीठात प्राध्यापक होते. १९९९ मध्ये हर्झोग यांनी 'हारेत्झ'मध्ये हेच लिहिलं तेव्हा वादळ उठलं. आपल्याच ग्रंथाला आपणच कठीण प्रश्न विचारायचे, ही हिंमत मला कुठल्याही सापडलेल्या दगडाहून मोठी वाटते. आपल्याकडच्या वाचकाला यातलं वेगळं काही समजावायला नको.

तेव्हा पुढच्या वेळी 'सिद्ध झालं!' किंवा 'खोटं ठरलं!' असा मेसेज आला की पुढे ढकलण्याआधी चार गोष्टी विचारा. ग्रंथातलं नेमकं कुठलं वाक्य? वस्तू कुठल्या उत्खननातून, कुठल्या थरातून आली, की बाजारातून आली? जो दगड दाखवताय तो आणखी काय म्हणतो? आणि हे सिद्ध झालं तर घर कुणाचं जाणार?

चौथा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. तोच आधी विचारा.