पकड करताना डोके कोठे ठेवावे?

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पायाने खेळायचा गोल चेंडू येतो. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात 'फुटी' या लाडक्या नावाने जो फुटबॉल खेळला जातो तो मात्र निराळाच आहे. चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल, एकेका बाजूला अठरा खेळाडू. चेंडू पायाने मारता येतो, हातात घेऊन पळता येते, पण फेकता येत नाही. तो एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसावा लागतो. या खेळाचे पहिले नियम मेलबर्नमध्येच मे 1859 मध्ये लिहिले गेले. डोक्याला टोप नाही, अंगाला गादी नाही, वर बनियनसारखा बिनबाह्यांचा सदरा. आणि ज्याच्या हातात चेंडू, त्याला धरून थांबवायचे. त्याला तेथे 'टॅकल' म्हणतात. मी कबड्डीत वाढलेला माणूस, मी त्याला पकडच म्हणणार.

माझी धाकटी बहीण आणि मेहुणे नोकरीनिमित्त मेलबर्नला राहतात. 2024 च्या जूनमध्ये साठलेली रजा टाकून मी पाच आठवडे त्यांच्याकडे होतो. आपल्याकडे पावसाची वाट पाहत होते, तेथे कडाक्याची थंडी, आणि थंडी हाच या खेळाचा हंगाम. भाची पंधरा वर्षांची. मुलींच्या संघातून खेळते. अंगाने बारीक, पण पळण्यात वाऱ्यासारखी. तिची तक्रार एकच, "मामा, मी धरते, पण त्या माझ्या हातातून निसटून जातात." बहिणीची तक्रार दुसरी, "दादा, तू तरी तिला सांग. खेळायचेच असेल तर बॅडमिंटन खेळ म्हणावे. एखादे दिवशी मान मोडून घरी येईल." दोघींनीही मला आपल्या बाजूचा साक्षीदार धरलेले. मी म्हटले, आधी सराव तर पाहू द्या.

त्यांची प्रशिक्षिका दिवसा टपाल वाटते आणि संध्याकाळी या मुलींना शिकवते, एक पैसा न घेता. मला तिचे इंग्रजी निम्मे कळत होते, पण शरीराची भाषा कबड्डीवाल्याला कळायला वेळ लागत नाही. भाचीचे काय चुकते ते तिने पहिल्या पाच मिनिटांत ओळखले. पोरगी लांबून हात टाकत होती. समोरची अजून दोन हात दूर असतानाच ही पुढे वाकून सदरा धरायला जाई. बोटात कापड येई, माणूस येत नसे. दोनदा बोट मुरगळले होते ते त्यामुळेच.

म्हणून पहिले काम पावलांचे. वेगाने धावत जायचे, पण जवळ पोहोचताना शेवटची चार-पाच पावले आखूड टाकायची. लांब ढांगेत असलेल्या माणसाला दिशा बदलता येत नाही, आणि पळणारी नेमकी तेव्हाच हुलकावणी देते. नजर चेंडूवर नको, तिच्या डोळ्यांवर नको, कमरेवर हवी. डोळे फसवतात, खांदे फसवतात, कंबर जाते तिकडेच माणूस जातो. आमचे वस्ताद चढाई करणाऱ्याबद्दल हेच सांगत. त्यांनी मेलबर्नचे नावही ऐकले नसेल.

मग खाली बसणे. येथे नवशिक्यांची गल्लत होते. खाली जायचे ते गुडघ्यातून, कमरेतून वाकून नव्हे. कमरेतून वाकले की मान खाली जाते, डोके पुढे येते आणि समोरचीचा गुडघा किंवा कुल्ला थेट टाळूवर बसतो. मान वर, नजर समोर, आणि डोके तिच्या अंगाच्या बाहेरच्या बाजूला. डोके कधीही तिच्या वाटेत येता कामा नये. प्रशिक्षिका हे एकच वाक्य संध्याकाळभर ओरडत होती, आणि मला वाटते तिच्या सगळ्या शिकवणुकीत तेच लाखमोलाचे. खांदा प्रथम लागला पाहिजे, त्यामागोमाग दोन्ही हातांचा विळखा. विळखा घातला की आपल्याकडे घट्ट ओढून घ्यायचे, कारण अंतर राहिले की ती हात मोकळा करून चेंडू ठोसून देणार.

हे त्यांनी एकदम पळत शिकवले नाही. आधी दोघीजणी समोरासमोर गुडघ्यांवर बसून. मग चालत. मग अर्ध्या वेगाने, दोन रांगांमधल्या अरुंद पट्ट्यात. तेथे लहान मुलांच्या गटात तर पकड नसतेच. थोडी मोठी झाली की नुसता विळखा घालायचा, पाडायचे नाही. आणि त्यानंतर पूर्ण पकड. आपण पोरांना पहिल्याच दिवशी मोठ्यांच्या डावात उतरवतो, ते आठवून मला बरे वाटले नाही.

नियमही समजून घेतले पाहिजेत, कारण तंत्र नियमातूनच आले आहे. पकड खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वरच करायची. मानेला हात लागला की शिट्टी. आपल्याकडे घोटा धरून पट काढणाऱ्या पोराला लोक डोक्यावर घेतात. तेथे तोच गुन्हा. पाठीत ढकलायचे नाही, म्हणून मागून गाठले तर कंबर धरून स्वतः बाजूला कलंडायचे, म्हणजे ती आपल्या अंगाखाली तोंडावर पडत नाही. चेंडू नसलेल्या माणसाला धरायचे नाही. आणि चेंडू सोडायची संधी मिळूनही जी तो धरून बसली, तिला नीट पकडले व तिने चेंडू नियमाप्रमाणे लगेच सोडला नाही, तर पकड करणाऱ्या संघाला फ्री किक. त्या क्षणी सारे प्रेक्षक 'बॉऽऽल' असा एकच गलका करतात. म्हातारे-कोतारेसुद्धा! या खेळात ऑफसाइड नाही, त्यामुळे माणूस कोणत्याही बाजूने येतो. कबड्डीत सातजण मिळून एकाला धरतात, साखळी असते. तेथे बहुधा एकटीलाच निभवावे लागते, आणि पकड साधणार नाही असे दिसले तर नुसती वाट अडवून मैत्रीण येईपर्यंत तिला बाजूला रेटत न्यावे लागते. हीसुद्धा एक कलाच आहे, फक्त तिला टाळ्या मिळत नाहीत.

आता बहिणीच्या भीतीविषयी. ती भीती अडाणी नव्हती. एखाद्याचे दोन्ही हात दाबून धरले आणि गरकन फिरवून जमिनीवर आपटले, तर त्याला हात टेकता येत नाही. डोके सरळ जमिनीवर आदळते. अशी पकड पूर्वी मर्दुमकी समजली जात असे. अलीकडे व्यावसायिक स्पर्धेत त्याबद्दल खेळाडूंना सामन्यांची बंदी होते. ज्याने धरले, त्याच्यावरच धरलेल्याच्या डोक्याची जबाबदारी, असा आता तेथील दंडक आहे. याला कारण घडले आहे. पोली फार्मर हे या खेळातील थोर खेळाडू. 2019 मध्ये ते गेले आणि पुढच्या वर्षी जाहीर झाले की त्यांच्या मेंदूत सी.टी.ई. नावाचा विकार होता. डोक्याला वारंवार बसणाऱ्या आघातांशी या विकाराचा संबंध आहे. मुलींची व्यावसायिक स्पर्धा 2017 मध्ये सुरू झाली. त्या पहिल्याच हंगामात ॲडलेडकडून खेळलेली हेदर अँडरसन 2022 मध्ये अवघ्या 28 व्या वर्षी गेली, आणि 2023 मध्ये तिच्याही मेंदूत तोच विकार आढळल्याचे प्रसिद्ध झाले. बहिणीने ती बातमी वाचली होती. म्हणूनच तिला झोप नव्हती.

माझ्या मुक्कामातल्या शेवटच्या शनिवारी सामना होता. तिसऱ्या डावात भाचीने एका दांडग्या मुलीला बाजूने गाठले. आखूड पावले, खांदा, विळखा, सगळे जसेच्या तसे. तिला आपल्याकडे ओढत ही खालीच बसली, जणू मांडीवर घेतले. शिट्टी वाजली, 'बॉऽऽल' झाले, मीही ओरडलो.

थोड्या वेळाने पुन्हा तीच मुलगी हाती आली, पण या खेपेस दोघी वेगात होत्या आणि विळख्यात तिचे दोन्ही हात अडकलेले. ती तोंडावर जाऊ लागली. भाचीने एका बाजूची मिठी ढिली केली. त्या मुलीने मोकळा हात जमिनीला टेकवला, पडली, आणि पडता पडता चेंडू ठोसून दिला. तिच्या सोबतिणीने तो उचलून गोल मारला. गोलाचे सहा गुण. भाचीच्या संघातील दोघी हिच्यावर वैतागल्या. प्रशिक्षिकेने काही न बोलता हिच्या पाठीवर थाप मारली. मी पडलो कारकून, जमा-नावे पाहणारा माणूस. माझ्या वहीत ते सहा गुण मी नुकसानीच्या बाजूला लिहिणार नाही. बहीण मात्र तेव्हा मैदानाकडे पाठ करून थर्मासमधला चहा ओतत होती. तिने यातले काहीच पाहिले नाही.

28 डिसेंबर 2024 रोजी मेलबर्नच्या जॉन केन अरेनात प्रो कबड्डीचे प्रदर्शनीय सामने झाले. त्यात तेथील फुटबॉलमध्ये नाव कमावलेले काही जण कबड्डी खेळायला उतरले होते. भाचीचा फोन आला, "मामा, आमच्या लोकांना घोटा धरायला परवानगी मिळाली!" मग तिने विचारले, "तुमच्याकडे पकडीत डोके आपटले, तर किती दिवस बसवतात?"

तेथे डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी पुन्हा मैदानात पाठवत नाहीत. व्यावसायिक खेळाडूला किमान बारा दिवस बाहेर राहावे लागते, आणि गल्लीबोळातल्या संघांना 2024 पासून किमान एकवीस दिवस. आमच्या मंडळात पाणी मारून, कपाळ चोळून, पुढच्या चढाईला उभे करीत. मी बैठकीत एकवीस दिवसांचा विषय काढला. स्पर्धा तोंडावर होती, कार्यकर्ते नाराज झाले, "साहेब, एवढे दिवस बसवले तर संघ कसा उभा करायचा?" बराच वाद झाला. शेवटी ठराव झाला आणि आठवड्याच्या आतच आमच्या उजव्या कोपऱ्यावरच्या पोराचे डोके जमिनीला लागले. फळ्यावर त्याचे नाव आणि परतायची तारीख खडूने लिहिली. तो रोज सरावाला येई आणि रेषेबाहेर उभा राहून धाकट्या पोरांना ओरडे, "डोकं बाहेर ठेव रे, डोकं बाहेर!"